‘दारियुस’ या इराणी राजनावाचा अर्थ काय? ‘दारा’ तेच नाव का?

हो, तेच. मूळ प्राचीन फारसी रूप ‘दारयवउश्’. फोड करताना दोन घटक नीट ओळखा: ‘दारय-’ म्हणजे आपला ‘धारय’, आणि ‘वउ’ म्हणजे ‘वहु’, संस्कृत ‘वसु’. अर्थ, ‘जे चांगलं ते धरून ठेवणारा’. शेवटचा ‘श्’ फक्त प्रथमेचा प्रत्यय आहे. ‘वहु’मधला ‘ह’ दिसत नाही, कारण प्राचीन फारसीच्या कीलाक्षर लिपीत (पाचरीसारख्या खुणांच्या लिपीत) ‘उ’पूर्वीचा ‘ह’ लिहीत नसत. इथेच फोड चुकू शकते.

पहिल्या दारियुसने (इ.स.पू. 522–486) इराणमधल्या बेहिस्तूनच्या कड्यावर हे नाव प्राचीन फारसी, एलामी आणि बाबिलोनी अशा तीन भाषांत कोरवलं. पुढे ते गादीवर बसताना घ्यायचं नाव झालं. दुसऱ्या दारियुसचं मूळ नाव ओखस होतं.

ग्रीकांनी ‘दारेइओस’ केलं, लॅटिनमध्ये ‘दारियुस’ झालं. फारसीत झिजून ‘दारा’ उरलं. दारा शुकोह म्हणजे ‘दारासारखं वैभव असलेला’. मुंबईच्या पारशी घरांत दारा आणि दाराब अजून भेटतात, आणि पोलंडमध्ये ‘दारिउश’.