साल्सा, बचाता हे स्पेनचे नाच आहेत का? आणि या सगळ्यांत फरक काय?

तुम्हाला क्लास लावायचाय, जाहिरातीत साल्सा, बचाता, चा-चा-चा, किझोम्बा अशी नावं एकाखाली एक दिसतात, आणि ही सगळी स्पेनहून आली असं कुणीतरी तुम्हाला सांगितलंय. मी पुण्यात सात वर्षं साल्सा नाचतेय, त्यातली चार बचाताही. त्यामुळे हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

स्पेनचे नाहीत. गाण्यांची भाषा स्पॅनिश आहे, पण जन्म कॅरिबियन बेटांवरचा. साल्साची मुळं क्यूबात आहेत, बचाता डॉमिनिकन रिपब्लिकचा. आणि दोन्हीकडे ताल आला तो उसाच्या मळ्यांवर राबवायला आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांबरोबर. क्यूबात गुलामगिरी थेट १८८६ साली संपली. ही गोष्ट नाचाच्या क्लासात सहसा कुणी सांगत नाही, म्हणून मी आधी सांगतेय.

क्यूबाच्या पूर्व भागात, सांतियागोच्या बाजूला, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ‘सोन’ नावाचं गाणं आणि नाच आकाराला आला. स्पॅनिश धाटणीचं गाणं, गिटारीच्या जातीचं त्रेस नावाचं तंतुवाद्य, जोडीला बाँगो हे छोटे जोडढोल आणि मराकास हे खुळखुळे. सगळ्यांना धरून ठेवणाऱ्या दोन लाकडी काठ्या, त्यांना क्लावे म्हणतात. त्या काठ्यांवर वाजणाऱ्या ठेक्यालाही क्लावेच म्हणतात. साल्सा कळायचा असेल तर पावलांच्या आधी हा ठेका कानात बसायला हवा.

मी लहानपणी थोडा तबला शिकले होते. क्लासात ‘वन टू थ्री, फाइव्ह सिक्स सेव्हन’ मोजत महिनाभर पावलं टाकली, पण गाणं एकीकडे आणि मी दुसरीकडे. मग एका रात्री घरी गाणं लावून तीनतालासारख्या १६ मात्रा बोटांवर धरल्या आणि क्लावे कुठे पडतो ते ऐकत बसले. १, ४, ७, ११, १३. पाचच ठोके. तुम्हीही करून बघा: धा धिं धिं धा म्हणत राहा आणि फक्त या पाच मात्रांवर टाळी द्या. पहिल्या तीन टाळ्या ओढ लावतात, नंतरच्या दोन तुम्हाला जागेवर आणतात. पुष्कळ गाण्यांत हाच ठेका उलटा असतो, दोन ठोके आधी आणि तीन नंतर. हे कानाला कळलं त्या दिवसापासून माझे पाय मोजायचे थांबले.

१९१०च्या आसपास सोन हवानात पोचला आणि १९२०च्या दशकात तिथल्या बँडांनी तो घराघरात नेला. त्याच्या शेजारी दुसरी एक धारा वाहत होती. ‘दान्सोन’ हा सभागृहातला संथ, ऐटबाज जोडीनाच; मिगेल फाईल्देंनी पहिला दान्सोन १८७९ साली मातान्सास शहरात वाजवला. त्यातूनच पुढे मांबो आला. मांबोचे आडतिडे ताल पकडताना नाचणाऱ्यांची धांदल होते, हे एन्रिके होर्रीन या व्हायोलिनवादकाच्या लक्षात आलं. त्यांनी १९५०च्या सुरुवातीला चाल सोपी, सरळ केली, आणि फरशीवर घासणाऱ्या पावलांचा आवाज यायला लागला: चा-चा-चा. नाचाला नाव पायांनी दिलं, ही गोष्ट मला फार आवडते.

मग साल्सा हे नाव आणि आजचं रूप कुठून आलं? न्यूयॉर्कहून. १९५९च्या क्रांतीनंतर अमेरिका आणि क्यूबा यांच्यातली ये-जा तुटली. पण न्यूयॉर्कच्या स्पॅनिश हार्लेम आणि ब्राँक्स वस्त्यांतले पोर्तो रिकोचे, क्यूबाचे लोक ते संगीत वाजवतच राहिले, त्यात जॅझ मिसळत गेले. १९६४ साली जॉनी पाचेको आणि जेरी मासुच्ची यांनी फानिया ही रेकॉर्ड कंपनी काढली आणि या सगळ्या मिश्रणाला ‘साल्सा’, म्हणजे सॉस, या नावाने बाजारात आणलं. टिटो पुएंते यांच्यासारख्या थोर वादकाला हे नाव पटायचं नाही. साल्सा खातात, मी वाजवतो ते क्यूबाचं संगीत, असं त्यांचं म्हणणं असे. मला त्यांचं पटतं. तरी क्यूबाच्या गायिका सेलिया क्रूझ यांचा आवाज ऐकताना नावाचा वाद आठवत नाही.

बचाताची कहाणी वेगळी, आणि माझ्या मते जास्त चटका लावणारी. डॉमिनिकन रिपब्लिकवर त्रुहियो या हुकूमशहाची ३१ वर्षं पकड होती. त्याने मेरेंगे या तिथल्याच दुसऱ्या नाचसंगीताला राष्ट्रीय संगीत म्हणून मिरवलं. १९६१ साली तो मारला गेला आणि पुढच्याच वर्षी होसे मान्वेल काल्देरोन यांनी पहिली बचाता ध्वनिमुद्रित केली. गिटार, बाँगो, नि धातूवर घासून वाजवायची ग्विरा. गाण्यात दारू, विरह, फसवणूक. बचाता म्हणजे मुळात अंगणातली गरिबाघरची मैफल. शहरातले प्रतिष्ठित लोक हे संगीत घरात वाजू देत नसत. १९९०मध्ये हुआन लुईस गेर्रा या डॉमिनिकन गायकाच्या अल्बमने ती जगभर नेली, आणि २०१९ साली युनेस्कोने तिला वारसा म्हणून मान्यता दिली. पावलं सोपी आहेत: तीन पावलं बाजूला आणि चौथ्या ठोक्यावर कंबर उचलून पाय नुसता टेकवायचा. आपल्याकडे शिकवतात ती लाटांसारखी हलणारी ‘सेन्सुअल’ बचाता मात्र खरोखर स्पेनमध्ये घडली. म्हणजे तुम्हाला सांगणारा अगदीच चुकलेला नाही.

बाकीचं थोडक्यात. किझोम्बा अंगोलाचा, म्हणजे आफ्रिकेतला. लॅटिन पार्ट्यांत वाजतो म्हणून त्या यादीत येतो. टँगो ब्यूनोस आयर्स आणि मोंतेव्हिदेओच्या बंदरवस्त्यांतला, त्याचा क्लास वेगळाच असतो. बॉलरूम स्पर्धांतल्या ‘लॅटिन’ गटात पासो दोब्ले आणि जाइव्हही असतात, ते लॅटिन अमेरिकेचे नाहीत. आणि त्या स्पर्धांतली रुंबा ही हवाना-मातान्सासच्या रस्त्यांवर ढोलांच्या साथीने होणारी रुंबा नव्हे, फक्त नाव एक.

जोडीने कधीच नाचला नसाल तर बचातापासून सुरुवात करा, दोन-तीन तासांत गाण्याबरोबर राहता येतं. साल्सा लावणार असाल तर शिक्षकांना विचारा की पहिल्या ठोक्यावर निघायला शिकवणार, न्यूयॉर्कसारखं दुसऱ्यावर, की क्यूबन पद्धतीने गोलात. तिन्ही चांगल्या आहेत, पण पहिले सहा महिने एकच धरा.