भारतात राहून बिटकॉइन देऊन दुबईत किंवा युरोपात घर घेता येतं का?

तुमचा प्रश्न असा आहे: २०२० पासून जमवलेले बिटकॉइन थेट बिल्डरला देऊन दुबईत फ्लॅट घ्यायचा, जमलं तर पुढे पोर्तुगालमध्ये दुसरा, आणि भारतातल्या बँकेला मध्ये आणायचंच नाही. हे चालेल का?

मी बडोद्यात दांडिया बाजारात करसल्लागाराचं काम करतो. घर मिळेल, हे आधीच सांगतो. पण तुम्ही भारताचे निवासी असाल तर या रस्त्याने घेऊ नका. नाणी भारतात विका, कर भरा आणि पैसे बँकेतून पाठवा. कारण घर घेणं यात सोपं आहे. उद्या ते विकून पैसे परत आणताना बँक विचारेल की मुळात पैसे बाहेर गेले कसे, आणि तिथे तुमच्याकडे उत्तर हवं.

अलकापुरीतल्या हॉटेलात दुबईच्या घरांचं प्रदर्शन भरलं की एजंट सांगतात, "क्रिप्टो आपो, बँकनी माथाकूट ज नथी" (बिटकॉइनसारखी नाणी द्या, बँकेची कटकटच नाही). दुबईत काही बिल्डर क्रिप्टो घेतात, हे खरंच आहे. तिथे २०२२ पासून या धंद्यासाठी 'वारा' नावाचं स्वतंत्र नियामक मंडळही आहे. पण बहुतेक सौद्यांत तुमची नाणी एक परवानाधारक मध्यस्थ घेतो आणि त्यांचे दिरहम करतो. जमीन खात्यात नोंद दिरहममध्येच होते आणि ४ टक्के हस्तांतर शुल्क भरावंच लागतं. शिवाय ५५,००० दिरहम किंवा त्याहून जास्त रोख रक्कम आली, किंवा पैसे क्रिप्टोत आले, तर तिथल्या एजंटाने सरकारी यंत्रणेला कळवणं २०२२ पासून बंधनकारक आहे. कोणाला कळणार नाही, ही समजूत डोक्यातून काढून टाका. क्रिप्टो खात्यांची माहिती देशादेशांत आपोआप देण्याची व्यवस्थाही येते आहे. भारताने त्यासाठी २०२७ हे वर्ष ठरवलंय, अमिरातीने २०२८.

आता करापुरतं. फ्लॅटच्या बदल्यात बिटकॉइन दिले म्हणजे आपल्या कायद्याने ते विकलेच. रुपये हातात आले नाहीत तरी नफ्यावर ३० टक्के कर आणि वर ४ टक्के उपकर लागतो. खरेदीची किंमत सोडून कुठलाही खर्च वजा होत नाही. इथर या दुसऱ्या नाण्यात बुडालेले पैसे बिटकॉइनच्या नफ्यातून वळते करता येत नाहीत. त्यामुळे थेट दिल्याने कराचा एक रुपयाही वाचत नाही.

माझी खरी काळजी फेमाची, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याची आहे. निवासी भारतीयाने परदेशात घर कोणत्या पैशातून घ्यायचं, हे २०२२ च्या परदेशी गुंतवणूक नियमांत लिहिलेलं आहे. एलआरएस या रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेखाली बँकेतून पाठवलेले पैसे (माणशी वर्षाला २,५०,००० डॉलर, कुटुंबातल्यांना एकत्र करता येतात), आरएफसी म्हणजे निवासी माणसाच्या परकीय चलन खात्यातले पैसे, परदेशात आधीच रीतसर घेतलेल्या मालमत्तेचं उत्पन्न, वारसा आणि असे आणखी थोडे मार्ग त्यात आहेत. इथल्या वॉलेटमधून तिथल्या वॉलेटमध्ये गेलेली नाणी त्या यादीत नाहीत. नियम मोडला तर दंड रकमेच्या तिपटीपर्यंत जातो. त्याहून गंभीर म्हणजे परदेशातली मालमत्ता नियमाबाहेर घेतल्याचा संशय आला, तर ईडी तिच्या किमतीइतकी भारतातली मालमत्ता जप्त करू शकते. दुबईतल्या फ्लॅटपायी कारेलीबागेतलं राहतं घर अडकू शकतं. हे मी घाबरवायला सांगत नाही, कायद्यात तसं कलम आहे. दरवर्षी रिटर्नमध्ये परदेशी मालमत्ता दाखवली नाही तर काळ्या पैशाच्या कायद्याखाली १० लाखांचा दंड वेगळा. छोट्या परदेशी खात्यांना त्यात २० लाखांपर्यंत सूट मिळाली, घरांना नाही.

सरळ रस्त्याचा हिशेब बघा. १० लाखांना घेतलेले बिटकॉइन ५० लाखांना विकले. नफा ४० लाख, कर उपकरासह १२ लाख ४८ हजार. विकतानाच १ टक्का, म्हणजे ५० हजार टीडीएस कापला जातो, तो यातूनच वजा होतो. मग ३० लाख बाहेर पाठवले, तर १० लाखांवरच्या २० लाखांवर बँक २० टक्के दराने ४ लाख टीसीएस (पैसे पाठवतानाच गोळा होणारा कर) घेईल. हे ४ लाख ऐकून लोक मागे फिरतात. पण तो जादा कर नव्हे. विक्री आणि पैसे पाठवणं एकाच आर्थिक वर्षात केलंत तर ते ४ लाख त्याच १२ लाख ४८ हजारांत वळते होतात आणि अॅडव्हान्स टॅक्स तेवढा कमी भरावा लागतो. मार्चमध्ये विकून एप्रिलमध्ये पाठवलंत तर हा फायदा हातचा जातो आणि रक्कम वर्षभर अडकते.

बडोद्यात घरटी कोणी ना कोणी परदेशात असतं, म्हणून हेही सांगतो. तुमचा मुलगा किंवा बहीण तिकडची रहिवासी असेल आणि तिकडच्या कमाईतून घर घेत असेल, तर इथून पैसा न जाता तुमचं नाव जोडीने लावता येतं. मात्र इथली नाणी त्यांच्या वॉलेटमध्ये ढकलून घर घेतलं तर फेमाचा प्रश्न जिथे होता तिथेच राहतो.

पोर्तुगालबद्दल थोडक्यात. २०२२ मध्ये ब्रागा शहरात एक फ्लॅट थेट ३ बिटकॉइनला विकला गेला, त्याची बातमी अजून फिरते. पण तिथे घर घेऊन गोल्डन व्हिसा (गुंतवणुकीच्या बदल्यात तिथे राहण्याचा परवाना) मिळण्याची सोय २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये बंद झाली. व्हिसासाठी विचार करत असाल तर ते सोडा.

काही जण म्हणतील, पूर्ण घर कशाला, टोकन म्हणजे घराचा डिजिटल तुकडा घ्या, देशोदेशी थोडं थोडं. अमेरिकेत डेट्रॉइटमधली शेकडो घरं रिअलटी नावाच्या कंपनीने अशी तुकड्यांत विकली. घर एका छोट्या कंपनीच्या नावावर असतं आणि टोकनवाल्याला त्या कंपनीत वाटा मिळतो. म्हणजे नळ गळतोय की भाडेकरू निघून गेलाय, ते बघणं दुसऱ्याच्या हातात. २०२५ मध्ये डेट्रॉइट शहराने घरांच्या दुरवस्थेवरून त्याच कंपनीवर दावा लावला. मी माझ्या ओळखीच्या कोणालाही हे घ्यायला सांगणार नाही.

आज तुम्ही एक काम करा. २०२० पासूनच्या प्रत्येक खरेदीचं एक्सचेंजचं स्टेटमेंट आणि त्या दिवसाचं बँक पासबुक काढून ठेवा. खरेदीची किंमत दाखवता आली नाही तर अख्ख्या विक्रीवर ३० टक्के मागितले जाऊ शकतात, आणि एक्सचेंज बंद पडलं की जुना हिशेब मिळवणं फार कठीण होतं.