बॅसिलस ग्रॅम पॉझिटिव्ह असूनही स्लाइडवर गुलाबी का दिसतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बॅसिलस सबटिलिस या जिवाणूच्या तीन दिवसांच्या कल्चरचं (प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींचं) ग्रॅम स्टेनिंग, म्हणजे भिंतीनुसार जिवाणूंचे दोन गट ओळखणारी रंगवणी, केलं. हा ग्रॅम पॉझिटिव्ह, म्हणून पुस्तकाप्रमाणे पेशी जांभळ्या दिसायला हव्या होत्या (गुलाबी दिसतात त्या ग्रॅम निगेटिव्ह), पण निम्म्याहून जास्त गुलाबी निघाल्या. जिवाणू बदलला का?

जिवाणू बहुधा तोच आहे, त्याची भिंत म्हातारी झाली आहे.

आधी एक गैरसमज काढून टाकू. क्रिस्टल व्हायोलेट हा पहिला, जांभळा रंग फक्त ग्रॅम पॉझिटिव्ह पेशीत शिरतो असं अनेकांना वाटतं. तसं नाही, तो दोन्ही प्रकारांत शिरतो. नंतर आयोडीन टाकलं की आत रंग आणि आयोडीनचे मोठे गठ्ठे तयार होतात. खरी परीक्षा त्यानंतर अल्कोहोलने धुताना होते: आत अडकलेला गठ्ठा भिंत धरून ठेवते की सोडून देते?

ही भिंत पेप्टिडोग्लायकनची असते. एन-अ‍ॅसिटिल ग्लुकोसअमाइन आणि एन-अ‍ॅसिटिल म्युरामिक आम्ल या दोन शर्करा एकाआड एक जोडून लांब साखळ्या बनतात. म्युरामिक आम्लाला अमिनो आम्लांची छोटी शेपटी असते आणि शेजारच्या साखळ्यांच्या शेपट्या एकमेकींत गुंतल्या की पेशीभोवती एकसंध जाळी तयार होते. ग्रॅम पॉझिटिव्हमध्ये या जाळीचे थरावर थर असतात, साधारण २० ते ८० नॅनोमीटर जाड, त्यांत टायकोइक आम्लं विणलेली. अल्कोहोलने त्यातलं पाणी निघून जातं, जाळी आवळते आणि गठ्ठा आत कोंडला जातो. ग्रॅम निगेटिव्हमध्ये ही जाळी जेमतेम काही नॅनोमीटरची. तिच्या बाहेर लिपोपॉलिसॅकराइड असलेलं आणखी एक पटल असतं. अल्कोहोल ते पटल विस्कटतं, पातळ जाळीला गठ्ठा आवरत नाही आणि रंग वाहून जातो. मग शेवटी टाकलेल्या सॅफ्रानिन या रंगाचा गुलाबी दिसतो.

भिंतीचं मुख्य काम मात्र रंग धरणं नाही, आतला दाब पेलणं आहे. ग्रॅम पॉझिटिव्ह पेशीत तो २० वातावरणांच्या आसपास जातो. आकारही भिंतच देते. साखरेच्या योग्य तीव्रतेच्या द्रावणात लायसोझाइम या विकराने (एन्झाइमने) भिंत काढून टाकली, तर दंडाकार बॅसिलस गोल होतो. साध्या पाण्यात तो फुटतो.

वाढायचं तर पेशीला ही जाळी जागोजाग कापून नवे तुकडे बसवावे लागतात. कापणाऱ्या विकरांना ऑटोलायसिन म्हणतात. (पेनिसिलिन नेमकं इथेच घाव घालतं: नव्या शेपट्या गुंतवणारं विकर बंद पाडतं, कापणं चालूच राहतं.) तुमच्या जुन्या कल्चरमध्येही असंच काहीसं घडतं. अन्न संपतं, नवी जाळी विणणं मंदावतं, पण ऑटोलायसिन कामावर असतात. भिंत विरळ होते, काही पेशी तर मेलेल्याच असतात. अशी भिंत अल्कोहोलपुढे टिकत नाही.

ओळखायची खूण स्लाइडवरच मिळेल. गुलाबी दांड्यांच्या पोटात बिनरंगी, चकाकणारे लंबगोल दिसतात का पाहा. ते बीजाणू, म्हणजे अन्न संपल्यावर पेशीत तयार होणारी टिकाऊ रूपं. साध्या ग्रॅम स्टेनिंगमध्ये ते रंग घेत नाहीत. ते भरपूर असतील, तर कल्चर जुनं आहे हे नक्की.

आता पुन्हा करताना १८ ते २४ तासांचं कल्चर घ्या. स्मिअर (काचेवर पसरवलेला पेशींचा थर) इतका पातळ हवा की सुकल्यावर त्याच्यामधून छापील अक्षरं वाचता यावीत. हवेत पूर्ण सुकू द्या, मगच ज्योतीवरून दोन-तीनदा झरकन फिरवा. काच हाताच्या पाठीला सोसवेल इतकीच गरम हवी. जास्त तापवलं तर भिंतीच फुटतात. क्रिस्टल व्हायोलेट १ मिनिट, पाणी, आयोडीन १ मिनिट, पाणी. आयोडीन विसरलात तर सगळंच गुलाबी दिसेल.

बहुतेकांचं बिघडतं ते पुढच्या पायरीवर. स्लाइड तिरकी धरून ९५ टक्के अल्कोहोल थेंब थेंब सोडा आणि खाली ओघळणारा थेंब बिनरंगी झाला की त्याच क्षणी पाणी मारा. पातळ स्मिअरला १० ते १५ सेकंद पुरतात. अ‍ॅसिटोन मिसळलेलं द्रावण असेल तर त्याहून कमी. जास्त वेळ झाला तर धडधाकट भिंतही रंग सोडते. उलट जाड गोळ्यात रंग अडकून ग्रॅम निगेटिव्हही जांभळे दिसतात, म्हणून निकाल सुट्या पेशींवरूनच ठरवा. शेवटी सॅफ्रानिन ३० ते ६० सेकंद.

त्याच स्लाइडवर एका टोकाला स्टॅफिलोकॉकस ऑरियस (ग्रॅम पॉझिटिव्ह) आणि दुसऱ्या टोकाला ई. कोलाय (ग्रॅम निगेटिव्ह) यांचे स्मिअर तुलनेसाठी लावाच. स्टॅफिलोकॉकसही गुलाबी आला, तर चूक बहुधा अल्कोहोलची, किंवा आयोडीन राहून गेलं. तो जांभळा आणि ई. कोलाय गुलाबी असूनही बॅसिलस गुलाबी राहिला, तर कल्चर जुनं आहे किंवा त्यात दुसरं काही मिसळलंय. अशा वेळी प्लेटवर पुन्हा स्ट्रीक करून (रेघा ओढून पेशी विखरून) एकच सुटी वसाहत (एका ठिकाणी वाढलेला पेशींचा ठिपका) उचला आणि दुसऱ्या दिवशी तिचं स्टेनिंग करा.