नॅस्कारमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या मोटार शर्यतींत, नियम मोडला तो चुकून की मुद्दाम, हे कसं ओळखायचं?

गाडीचा नियमाबाहेरचा भाग कुठे होता आणि त्याचा फायदा काय, हे आधी बघा. २०१३ला कॅन्ससची शर्यत मॅट केन्सेथने जिंकली. इंजिन उघडलं तेव्हा ८ कनेक्टिंग रॉडपैकी (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारे दांडे) एकच किमान वजनापेक्षा सुमारे ३ ग्रॅम हलका निघाला. इंजिन टोयोटाच्या रेसिंग विभागाने बांधून दिलेलं होतं. मुद्दाम करणारा आठही रॉड हलके करेल; एकट्याने ताकद वाढत नाही, उलट इंजिनचा तोल बिघडतो. ही माझ्या मते सरळ चूक. अपिलात ५० गुणांचा दंड १२वर आला, तो रास्तच.

आता २०२२ची पोकोनोची शर्यत. डेनी हॅमलिनच्या गाडीच्या पुढच्या बंपरवर, दोन्ही खालच्या कोपऱ्यांत, गाडीवर चिकटवलेल्या रंगीत व्हिनाइलच्या आवरणाखाली पारदर्शक टेप सापडली: २ इंच रुंद, साडेपाच इंच लांब, ०.०१२ इंच जाड. तिथला आकार केसभर बदलला तरी चाकाजवळून जाणारी हवा बदलू शकते. संघाने सांगितलं की, कामाच्या पद्धतीतला हा बदल नीट तपासला गेला नव्हता. पण टेप आपोआप चिकटत नाही, कुणीतरी मोजून लावावी लागते. विजय काढून घेतला हे योग्यच झालं. शिक्षेसाठी हेतू सिद्ध व्हावा लागत नाही, भाग मापात नसला की पुरे.