मॉर्मन कुटुंबे सोमवारची संध्याकाळ राखून का ठेवतात?

मॉर्मन या अमेरिकेत उगम पावलेल्या ख्रिस्ती पंथात ती संध्याकाळ घरच्यांसाठी असते. चर्चच्या नेतृत्वाने १९१५ मध्ये घरोघरी अशी एक संध्याकाळ पाळण्याचे आवाहन केले आणि १९७० पासून तिच्यासाठी सोमवार ठरला. म्हणूनच अमेरिकेच्या युटा राज्यातील मॉर्मन वस्त्यांत त्या वेळी चर्चचे इतर कार्यक्रम सहसा ठेवले जात नाहीत. प्रार्थना, एखादे भक्तिगीत, धर्मग्रंथातील उताऱ्यावर थोडी चर्चा, मग खेळ आणि काहीतरी गोडधोड, असे तिचे साधे स्वरूप असते, आणि घरात लहान मुले असतील तर त्यांचे सारे लक्ष शेवटच्या भागाकडेच असते, हे वेगळे सांगायला नको. चर्चमधील रविवारच्या सभा पूर्वी ३ तास चालत. २०१९ पासून त्या २ तासांच्या झाल्या, कारण धर्मशिक्षणाचा मोठा वाटा घरीच उचलला जावा अशी अपेक्षा आहे.

महिन्याच्या पहिल्या रविवारी सहसा दोन वेळचे जेवण सोडून उपवास करतात आणि त्या जेवणाचे पैसे गरजूंसाठी देतात. आपल्या साबुदाणा खिचडीसारखी सवलत त्यात नाही. पाणीही टाळले जाते. चहा-कॉफी तर त्यांना एरवीही वर्ज्यच असते.