ऑपरेशनसाठी एफडी मोडू का?

तुमचं पत्र वाचलं. वय ३१, लग्नाला दोन वर्षं, शीघ्रपतनाचा त्रास. एका क्लिनिकने नस कापण्याच्या ऑपरेशनचं १,८०,००० रुपयांचं पॅकेज सांगितलंय. १,१०,००० ची एफडी मोडून बाकी ७०,००० पर्सनल लोन घ्यावं का, असं विचारताय.

घेऊ नका, आणि एफडीलाही हात लावू नका.

मी डॉक्टर नाही, पण लाखाच्या वरचा खर्च म्हटला की हातात काय पडणार ते तपासतोच. या ऑपरेशनात, म्हणजे डॉर्सल न्यूरेक्टॉमीत, शिश्नाच्या संवेदना-नसांच्या काही फांद्या कापतात. दक्षिण कोरिया आणि चीनमध्ये ही बरीच होते. तरी अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी शस्त्रक्रियेला प्रायोगिकच ठरवलंय. शिश्नमुंडात फिलर, म्हणजे भर देणारं जेल, टोचण्याचंही तेच. बधिरपणा, वेदना, ताठरता कमी होणं हे धोके आहेत आणि कापलेली नस पूर्ववत होईल याची हमी नाही. विम्याचा आधार धरू नका: आरोग्य विम्यात ज्यांचा खर्च मिळत नाही, त्या प्रमाणित अपवादांत 'अनप्रूव्हन ट्रीटमेंट', म्हणजे सिद्ध न झालेले उपचार, येतात.

लोन १५ टक्क्यांनी दोन वर्षांचं धरलं तर हप्ता ३,४०० च्या आसपास, व्याज साडेअकरा हजारांच्या घरात. आणि एफडी हीच तुमची अडीअडचणीची एकमेव शिल्लक. उद्या नोकरी गेली तर घरभाडं कशातून देणार?

आधी युरॉलॉजिस्टकडे जा. थायरॉइड, प्रोस्टेटचा दाह, ताठरतेची अडचण यातलं काही मुळाशी आहे का, ते बघू द्या. मग डॅपॉक्सेटीनसारखी गोळी, लिडोकेनचं संवेदना कमी करणारं क्रीम किंवा स्प्रे, 'थांबा-सुरू करा' पद्धतीचा (पतन जवळ आलं की थांबायचं, आवेग ओसरला की पुन्हा सुरू) सराव, जमलं तर पत्नीसोबत समुपदेशन. गोळ्या मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नकोत. यासाठी सहा महिन्यांचे १५,००० पगारातूनच बाजूला काढा. सरकारी रुग्णालयात याहून बरंच कमी लागेल. दोन वर्षं हे एकट्याने सोसलंत, म्हणून घाई होतेय, हे मला कळतं.

कोटेशनच्या फोटोत खाली लाल अक्षरांत लिहिलंय, 'आज बुकिंग केल्यास १५,००० सूट'. त्याच धास्तीने तुम्ही ५,००० टोकन भरून बसलात. ते लेखी अर्ज करून परत मागा, अर्जाची पोच घ्या. नाहीच मिळाले तर सोडून द्या. त्या पाच हजारांपायी आणखी पावणेदोन लाख घालू नका.