'विश'ला मराठीत 'वर' म्हणायचं का?

प्रश्न असा आलाय की मुलांच्या फँटसी कादंबऱ्यांमधे जादूचा प्राणी किंवा जादूची वस्तू जी 'विश' पुरी करते, तिला मराठीत 'वर' म्हणावं की 'इच्छा'.

'वर' नको, असं माझं ठाम मत आहे. वर म्हटलं की मागे तपश्चर्या आली नाहीतर मोठे उपकार तरी आले, आणि एकदा दिला की देणाऱ्याला माघार नाही. कैकेयीने तर दोन वर कित्येक वर्षं राखून ठेवले आणि ऐन राज्याभिषेकाच्या वेळी मागितले. आता ई. नेस्बिटचं १९०२ सालचं 'फाइव्ह चिल्ड्रन अँड इट' बघा. केंटमधल्या एका घरी राहायला आलेली भावंडं खडीच्या खाणीत खणत असतात आणि वाळूतून एक केसाळ, चिडका प्राणी निघतो, त्याचे डोळे गोगलगायीसारखे शिंगांच्या टोकावर. तो अंग फुगवून मुलांचं म्हणणं खरं करतो, पण सूर्य मावळला की सगळं रद्द! ना तप, ना भक्ती, आणि राखून ठेवायची सोयही नाही. ह्याला वर कसं म्हणणार?

'इच्छा' चुकीचा नाही पण कोरडा वाटतो, 'इच्छा व्यक्त केली' हे बातमीतलं मराठी झालं. मुलं ठरवून, आपसात भांडून काहीतरी मागतात तिथे मी सरळ 'मागणं' वापरेन. "आजचं मागणं कोणाचं?" हे मुलांच्या तोंडी शोभतं.

पण खरी गंमत पुढेच आहे, कारण ह्या गोष्टींमधे बऱ्याचदा कोणी काही मागतच नाही, नुसतं बोलून जातं. त्याच पुस्तकात धाकट्या बाळाला सांभाळून वैतागलेलं एक भावंड म्हणून जातं की हा सगळ्यांना हवासा वाटला असता तर किती बरं झालं असतं, आणि मग जो भेटेल तो बाळाला पळवायला बघतो. एडवर्ड ईगरच्या 'हाफ मॅजिक'मधे (१९५४) नाणं मागितलेलं निम्मंच देतं. तिथली आई नकळत ते नाणं जवळ असताना घरी असते तर बरं असं मनात आणते आणि अर्ध्या वाटेवर रस्त्यात येऊन पडते. इथे मराठीत नाम शोधूच नये, आपल्याकडे हे काम 'असते तर', 'झालं असतं तर' असली वाक्यं करतात आणि मुलं दिवसभर तसंच बोलत असतात. "मला पंख असते तर!" एवढं पुरे, लगेच पंख फुटू देत.

आणि असं सहज बोललेलं खरं होतं ही कल्पना आपल्याला काही नवी नाही. घरात वाईटसाईट बोललं की आजी रागावतेच ना, "असं बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणत असते." त्यामुळे त्या वाळूतल्या प्राण्याने अंग फुगवून "तथास्तु" म्हटलं तर मला ते चालेल, 'वर दिला' मात्र नको.